अर्धी कापलेली

जावयानं नागपुरातून आणली.
खोक्यात आरी, बॅटरी, चार्जर, एक गोल कानस
आणि चित्रांची पुस्तिका. तिच्यात एक माणूस
पात्याच्या टोकानं लाकूड कापतो,
त्याच्यावर लाल फुली.
शकुन म्हणाली, "हा तर आपल्या गावचा दिसते."

एकोणतीस वर्षं मी लाइनमन होतो.
तारेला टेकणारी फांदी बांबूला कोयता बांधून छाटायची,
आणि खालून लोक ओरडायचे,
"शालिकभाऊ, लाइन कवा येते?"

साखळी थंड असताना ताणायची.
मधोमध चिमटीत धरून उचलली
की जराशी उठावी, सोडली की परत बसावी.
तापलेली ताणली तर निवल्यावर पातं आवळते.
पण त्याआधी, साखळीला बोट लावण्याआधी,
बॅटरी काढायची.
हे मला कुणी शिकवायला नको.
लाइन बंद आहे, असं देवरावला
कुणीतरी फोनवर सांगितलं होतं.

मी बॅटरी काढून बंडीच्या खिशात ठेवतो.
एवढं वजन खिशात घेऊन कानस चालवणारा म्हातारा
पाहून शकुन हसते. हसू दे.

तेलात मात्र चुकलो.
साखळीचं तेल तुमसरात मिळालं नाही
म्हणून घाणीवरचं जवसाचं ओतलं,
चटणीवर घ्यावं असं, ताजं.
आठ दिवसांनी पाहतो तर साखळी
लाखेत बुडवल्यासारखी चिकटलेली.
दाराच्या चौकटींना बाप हेच तेल लावायचा,
वाळून कडक होतं म्हणूनच लावायचा.
हे आठवलं तेव्हा हातात दात घासायचा जुना ब्रश होता,
वाटीत डिझेल,
आणि दीड तास गेला होता.

कानस पुढेच ढकलायची, ओढायची नाही.
दाताला तीन घास, उजवीकडे तेवढेच डावीकडे,
नाहीतर आरी वाट सोडून चालते.
भुसा पिठासारखा पडला की धार गेली.
पोह्यांसारखा पडला की चालू द्या.

त्या दिवशी पोहेच पडत होते.
सांदवाडीतला कडुनिंब, शेळ्यांच्या कोठ्यावर आलेली फांदी,
माझ्या मांडीहून जाड.
आधी खालून थोडा चावा घेतला, मग वरून सुरू केलं.
दोन दिवे होते, एक झाला,
आणि अर्ध्यावर आरी गप्प.
घरात गेलो, बॅटरी चार्जरला लावली,
चार्जरही गप्प.
लाइन गेली होती.

शेळ्या ओसरीत आणून बांधल्या.
शेजारचा तानबा सल्ला देऊन गेला, मग त्याचा भाऊही.
शकुन म्हणाली, "कोयता घ्या ना आता."
अर्ध्या तुटलेल्या फांदीखाली अंधारात
कोयता घेऊन उभं राहायचं नसतं.

रात्रभर ती बोलत होती.
वारा आला की कर्र,
वारा गेला की त्याहून हळू कर्र.
नव्या लाइनमनचा नंबर माझ्याकडे आहे,
पोरगा चांगला आहे, उचलतो.
दोनदा फोन हातात घेतला.
तो कुठल्या खांबावर असेल, कुणास ठाऊक.
खालून ओरडणारे असतीलच.
फोन उशाखाली ठेवला.

तीन चाळीसला चार्जरवर लाल ठिपका.
मी उठून जवळ बसलो,
चूल पेटायची वाट पाहत बसावं तसा.

सकाळी बाकीचं अर्धं कापायला
दोन मिनिटंही लागली नाहीत.
फांदी म्हटलं तिथे पडली, कोठ्याचं एक कवेलू फुटलं तेवढंच.
शेळ्यांनी कडू पाला पडता पडता धरला.
मी बॅटरी काढली, खिशात टाकली.
बंडीतून पोटाला गरम लागत होती.
निवेपर्यंत चार्जरला लावायची नाही,
म्हणून तशीच घेऊन चहा प्यायलो.
शकुननं खिशाकडे पाहिलं,
आणि कपात अजून थोडा ओतला.